सर्व्हर आपोआप बंद पडून चालू होणेबाबत

बंद पडलेल्या यंत्राबद्दल माझी काही तक्रार नाही. बंद पडलेलं यंत्र बिचारं प्रामाणिक असतं. माझा संताप आहे तो आपोआप बंद पडून आपोआपच चालू होणाऱ्या यंत्रावर. हे म्हणजे एखाद्याने भर बैठकीतून काही न बोलता उठून जायचं, आणि थोड्या वेळाने परत येऊन, 'हं, कुठपर्यंत आलं होतं?' असं विचारायचं. आमच्या वाचनालयाचा सर्व्हर नेमकं हेच करायला लागला, आणि मी त्या वाचनालयाचा मानद सचिव असल्यामुळे सगळी गल्ली मला जाब विचारायला लागली. मानद म्हणजे ज्याला पगार नसतो, पण ज्याच्याबद्दल 'फुकटचा पगार खातो' असं लोक तरीही म्हणतात.

ग्रंथपाल माझी बायको आहे. ती पगारी आहे. थोडक्यात, वाचनालय ती चालवते आणि मी ते भूषवतो. सर्व्हर आमच्याकडे आला तो मध्यवर्ती ग्रंथालयातून. तिथे नवा घेतला म्हणून जुना आमच्या शाखेला मिळाला, थोरल्याचा सदरा धाकट्याला मिळतो तसा. वाचकांच्या दालनात खिडकीपाशी भिंतीत एक लाकडी कपाट आहे, त्याच्या खालच्या कप्प्यात तो बसवला. कुठलं पुस्तक कुठे आहे, कोणी नेलं, कधी आणणार, सगळं त्याच्या पोटात. त्यामुळे तो गेला की बायको टेबलामागे हाताची घडी घालून उभी राहते, समोर रांग उभी राहते, आणि सगळे मिळून माझ्याकडे बघतात.

आता आमच्या दालनातल्या शांततेबद्दल सांगायला हवं, कारण ती मी आणली. पूर्वी तिथे कुजबुज चालायची. मी सचिव झाल्यावर ती बंद केली. नंतर खोकणंही जिन्यावर जाऊन व्हायला लागलं. पंखा वाढवायचा असेल तर बोटाने हवेत गोल काढायचा, दिवा लावायचा तर चिमूट उघडायची, तक्रार असेल तर मला खुणेने सांगायची आणि मी मान हलवून ती मंजूर करायची. काही वाचक इतकी वर्षं समोरासमोर बसतात की त्यांना एकमेकांच्या चष्म्यांचे नंबर ठाऊक असतील, पण आवाज ऐकलेला नाही. एका पाहुण्या प्राध्यापकांनी तर, अशी शांतता मी फक्त भूल दिल्यावर अनुभवली होती, असे उद्गार काढले. मी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

अशात मध्यवर्ती कार्यालयातून कळवण्यात आलं की शाखांची तपासणी होणार, आणि ज्या शाखेचे संगणकीय व्यवहार अखंडित नसतील ती मध्यवर्तीत विलीन केली जाईल. विलीन हा शब्द मोठा गोड आहे. त्याचा अर्थ, आमच्या दाराला कुलूप आणि बायकोची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी तिला धीर द्यायला गेलो, तर ती म्हणाली, "मी जाईन हो दोन बस बदलून. पण ही रोज येऊन बसणारी माणसं कुठे जातील? यांना कोण विलीन करून घेणार?" तेव्हा मी सर्व्हर दुरुस्त करायचं ठरवलं.

मला सर्व्हरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण न कळणाऱ्या गोष्टीत सल्ला देणारे मिळायला वेळ लागत नाही. शेजारचे डॉक्टर म्हणाले, वय झालंय, फार ताण देऊ नका, दुपारी थोडी विश्रांती द्या. आम्ही दुपारी विश्रांती दिली. तो संध्याकाळी पडायला लागला. वरच्या मजल्यावर वीज खात्यातले निवृत्त अधिकारी राहतात. त्यांनी दोष सरळ विजेच्या दाबावर ढकलला, आणि ज्या खात्यात हयात घालवली त्या खात्याबद्दल असं काही बोलले की मला त्यांच्या निवृत्तिवेतनाची काळजी वाटली. त्यांच्या सांगण्यावरून बॅटरीचा एक अवजड डबा आणून जोडला. आता वीज गेली तरी सर्व्हर चालू राहायचा, आणि वीज असली की बंद पडायचा.

मग माझा मेहुणा आला. तो संगणकाच्या दुकानात छपाईची शाई विकतो, म्हणून घरात त्याला तज्ज्ञ समजतात. त्याने सर्व्हर उघडला, आतली मेमरीची पट्टी काढली, खोडरबरने खसाखसा घासली, फुंकर मारली आणि परत बसवली. हा उपाय ऐकून मी हसलो होतो, पण तसं करतात म्हणे. सर्व्हर अर्धा दिवस उत्तम चालला. मेहुणा ताठ मानेने जेवला. तो हात धूत असतानाच बायकोचा वाचनालयातून फोन आला. त्यानंतर त्याने दोष सर्व्हरच्या मूळ जातीतच आहे असं निदान केलं आणि कामाची आठवण होऊन तो निघून गेला.

सर्व्हरला आपण कधी आणि का पडलो याची नोंद ठेवायची सोय असते, असं जाता जाता तो सांगून गेला होता. मी मोठ्या आशेने ती उघडली. तिथे एकच वाक्य पुन्हा पुन्हा होतं: याआधी यंत्र अनपेक्षितपणे बंद झाले. अरे, हे तर मी तुला सांगतोय.

शेवटी रीतसर मार्ग धरला. मध्यवर्ती कार्यालयाच्या संगणक विभागाला फोन केला. तिथल्या बाई फार सौजन्याने बोलल्या. त्यांनी विचारलं, दोष या क्षणी चालू आहे का? मी म्हटलं, या क्षणी नाही. त्या म्हणाल्या, मग तक्रार घेता येत नाही, दोष चालू असताना करा. मग दर वेळी सर्व्हर पडल्याबरोबर मी फोनवर झडप घालायचो. आपण रांगेत आहात, असं एक यंत्र मला सांगत राहायचं, आणि माझा नंबर लागेपर्यंत सर्व्हर उठून कामाला लागलेला असायचा. खरं सांगायची शिक्षा मी आठवडाभर भोगली. मग एकदा खोटं बोललो आणि लगेच माणूस आला.

तो माणूस कपाटासमोर बैठक मारून बसला. सर्व्हर आदर्श विद्यार्थ्यासारखा वागत होता. त्याने वायरी हलवल्या, टिचक्या मारल्या, मशीन ठणठणीत आहे असं सांगितलं आणि वर, उगाच बोलावत जाऊ नका, असं मलाच सुनावून गेला. तो कोपऱ्यावर वळतो न वळतो तोच सर्व्हर पडला. बायको म्हणाली, "पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागतं आणि पाठ वळली की घोळ घालतं. तुमच्याकडच्या कुणावर तरी गेलंय." मी या विधानाकडे दुर्लक्ष केलं.

मग मी माझ्या नोकरीतून रजा काढली आणि स्वतः पहाऱ्याला बसलो. कपाटाचं दार सताड उघडं, समोर स्टूल, स्टुलावर मी, नजर सर्व्हरवर. दिवसभर तो एकदाही पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी चहाला गेलो आणि तो पडला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सर्व्हरला माझा धाक होता. हसण्यासारखं काही नाही. माझ्या कार्यालयातही मी नुसता जाऊन उभा राहिलो की माणसं टंकलेखन सुरू करतात. हा शोध मी मेहुण्याला कळवला, तेव्हा त्याने कपाटात माझा एक मोठा फोटो लावून बघायला सुचवलं. तो थट्टा करत होता हे फोटोग्राफरकडून परत आल्यावर माझ्या लक्षात आलं.

फोटोनेही फरक पडला नाही, तेव्हा मी नसताना काय होतं याची मला पहिल्यांदा शंका आली. तपासणी जवळ आली होती. मी दालनाच्या मध्यभागी उभा राहून ओठांशी कप नेल्याची खूण केली, म्हणजे चहाला चाललो असं सगळ्यांना कळलं, आणि बाहेर पडून मागच्या दाराने आत शिरलो. शब्दकोशांच्या कपाटामागे लपलो, कारण तिकडे कधीच कोणी फिरकत नाही.

सर्व्हरच्या कपाटाला लागून जी खुर्ची आहे, तिच्यावर जजसाहेब बसतात. ते जज कधीच नव्हते. कोर्टात टंकलेखक होते; पण चेहरा निकाल दिल्यासारखा असतो. त्यांनी दाराकडे एक नजर टाकली. मग सावकाश उठले, पिशवीतून एक जाडजूड शाल काढली आणि आजारी माणसाला पांघरूण घालावं इतक्या मायेने सर्व्हरवर घातली, चारी बाजूंनी खोचून. एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर ठेवणाऱ्या बाई आहेत, त्यांनी आपल्या पाठीची उशी न बोलता पुढे केली. ती मागच्या फटीत गेली. रोज वर्तमानपत्रातलं फक्त हवामान वाचणाऱ्या गृहस्थांनी जुन्या अंकांचा गठ्ठा खाली सरकवला. कपाटाचं दार लागलं. बायकोच्या टेबलावरून हा कोपरा दिसत नाही. कुणाचा पाय वाजला नाही, कुणाला काही सांगावं लागलं नाही. सर्व्हरची घरघर आधी दबली, थोड्या वेळाने थांबली आणि दालनात अशी काही शांतता पसरली की, खोटं कशाला बोलू, मला सचिव म्हणून क्षणभर अभिमानच वाटला.

मग बायकोने टेबलामागे हाताची घडी घातली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. फक्त आमच्या कळशाला शाल गुंडाळलेली होती. कोंडलेलं यंत्र तापायचं, जीव वाचवायला स्वतःला बंद करायचं आणि जरा निवलं की उठायचं. मी आलो की दार उघडं, शाल पिशवीत.

जजसाहेबांना मी खुणेने बाहेर बोलावलं. जिन्यावर येऊन मी आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, परवानगी तुम्हीच दिली होती. मी म्हटलं, शक्य नाही. त्यांनी ती खूण करून दाखवली. आधी कपाटाकडे बोट, मग कानाला हात, मग दोन्ही तळवे जोडून गालाखाली; म्हणजे, याचा आवाज होतो, याला झोपवू का. मला ती खूण आठवली. बिचाऱ्यांना ऐकू कमी येतं आणि रात्री झोप लागत नाही, असं समजून मी सहानुभूतीने मान हलवली होती. संगणक विभागाचा माणूस आला तेव्हा शाल का काढलीत, असं विचारलं, तर म्हणाले, परक्या माणसासमोर पसारा बरा दिसत नाही.

मी म्हटलं, "अहो, पण थोडा आवाज सहन केला असता तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी कठड्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "घरी मला कोणी बोलू देत नाही. इथे निदान कोणीच बोलत नाही. तेवढंच बरं वाटतं." आणि मग, वाचनालय वाचलं पाहिजे हे मला कळतं, दार उघडं ठेवा, माझी काळजी करू नका, असं म्हणून शालीची पिशवी घेऊन जिना उतरले.

दुसऱ्या दिवसापासून सर्व्हर अखंड चालू लागला आणि जजसाहेब यायचे बंद झाले. मी विजयी मुद्रेने घरी आलो, तर बायकोने ताट वाढलं आणि समोर न बसता निघून गेली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ज्यांच्यासाठी मशीन वाचवायचं, त्यांनाच घालवलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी." मी म्हटलं की चोर आणि संन्यासी इथे एकच आहेत. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच सर्व्हर दुसऱ्या खोलीत हलवायच्या खटपटीला लागलो. मध्यवर्तीतून दुसऱ्याच दिवशी उत्तर मिळालं की सदर सर्व्हर सदर कपाटात ठेवण्यासाठी दिलेला आहे, हलवायचा असल्यास कपाटासह हलवावा. कपाट भिंतीत चिणलेलं आहे. भिंत हलवायला बांधकाम विभागाची परवानगी लागते.

तेव्हा मी जजसाहेबांच्या घरी गेलो. घर वाईट नव्हतं, माणसंही वाईट नव्हती. सुनेने अगत्याने बसवलं आणि फोनवर बोलत बोलत चहा आणला. टीव्ही चालू होता, नातवंडांचं भांडण चालू होतं, मुलगा टीव्हीच्या वरच्या पट्टीत कुणालातरी पत्ता सांगत होता. जजसाहेब गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे, कालचं वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मला पाहून उठले. "त्याचं असं आहे," एवढं ते म्हणाले आणि कुकरची शिट्टी झाली. पुन्हा म्हणाले, "त्याचं असं आहे," तर मुलगा येऊन, बाबा, माझा चार्जर पाहिलात का, असं विचारून गेला. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हा माणूस माझ्यासमोर गप्प बसलेला असायचा आणि ती शांतता मी माझ्या नावावर जमा करत होतो. मी कपड्यांच्या आडून मान घालून म्हटलं, उद्यापासून या. ते म्हणाले, येऊन काय करू, तिथे आता तुमचं मशीन ओरडतं.

उपाय सुचला तो बायकोला. तिने सर्व्हरच्या कपाटाभोवती चारपाच खुर्च्या मांडल्या आणि जाहीर केलं की या कोपऱ्यात बोलायला मुभा आहे. तसंही सर्व्हरच्या घरघरीत पलीकडे कुणाला काही ऐकू जात नाही. मी म्हटलं, माझ्या हयातीत हे होणार नाही. ती म्हणाली, "तुमच्या हयातीतच करायला हवं. नाहीतर तुमच्या आधी वाचनालय जाईल." जजसाहेबांना आणायला ती स्वतः गेली. तिला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही, त्यांना कुठून जमणार.

पहिल्या दिवशी ते नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी हवामानवाल्या गृहस्थांकडे वळून, आज उकडतंय, असं म्हणाले. गृहस्थांनी ओरडून, काय, असं विचारलं. जजसाहेब ओरडून म्हणाले, उकडतंय. गृहस्थांनी मग उकाड्याची जी कारणमीमांसा सुरू केली ती संपेना. इतक्या वर्षांचा साठा होता. दोन चष्म्यांच्या बाईंचा आवाज इतका खणखणीत असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तपासणीपर्यंत त्या कोपऱ्यात सगळे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन तारस्वरात गप्पा मारू लागले होते, आणि उरलेल्या दालनात फक्त एक सलग घरघर ऐकू यायची. मी तिकडे पाठ करून बसत असे.

तपासणीचे साहेब आले. उंच, उकाड्यातही अंगात लोकरी कोट, ओठ शिवल्यासारखे. बायकोच्या टेबलाशी उभे राहून त्यांनी पुस्तकांची देवघेव पाहिली. सगळं सुरळीत. मग म्हणाले, वाचकांचं मत घ्यावं लागतं, आणि थेट त्या कोपऱ्याकडे गेले. मी त्यांना दुसरीकडे वळवायचा प्रयत्न केला, पण जजसाहेबांनी खुर्ची पुढे सरकवली होती. साहेब कोट काढून बसले. जजसाहेब त्यांच्या कानाशी झुकले. साहेबांनी एकदा मान डोलावली, मग घड्याळ पाहिलं, मग घड्याळ पाहायचं सोडून दिलं. मी लांबून बघत होतो. ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही येत नव्हता. हा माणूस काय काय सांगत असेल, हे ओठांवरून ओळखायचा मी प्रयत्न करू लागलो.

तासभर तरी झाला असेल. आणि अचानक घरघर थांबली. सर्व्हर पडला होता. आणि जजसाहेबांचा आवाज, ज्या पट्टीत होता त्याच पट्टीत, भरल्या दालनात घुमला.

"मूर्खच आहे हो तो सचिव! पण मी चार दिवस आलो नाही, तर घरी बघायला आला. मी चार दिवस घरात बसून होतो, हे माझ्या मुलाला अजून ठाऊक नाही."

आपण किती मोठ्याने बोललो हे त्यांना कळलं आणि ते थांबले. दालनातला एकूण एक माणूस माझ्याकडे बघत होता. मला सर्वांदेखत, बायकोदेखत, तपासणी अधिकाऱ्यांदेखत मूर्ख म्हटलं होतं. मला राग यायला हवा होता. पण आला नाही.

साहेब उठले आणि कोरड्या आवाजात त्यांनी विचारलं, हे मशीन असं नेहमी बंद पडतं का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं. बायको तोवर कपाटाशी पोचली होती. तिने सर्व्हरवर ठेवलेला साहेबांचा लोकरी कोट उचलला आणि त्यांच्या हातात दिला. तो इस्त्रीखालून काढल्यासारखा गरम होता. साहेबांनी कोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"व्यवहार अखंडित आहेत," ते शेवटी म्हणाले. "शाखा राहील. बाकीच्या ठिकाणी मशीन चालू असतं, पण खुर्च्या रिकाम्या असतात." एवढं बोलून ते जातील असं मला वाटलं. त्यांनी कोट मांडीवर घेतला आणि पुन्हा खाली बसले.

जजसाहेब मान खाली घालून बसले होते. त्यांच्या कानाची पाळी लाल झाली होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "जजसाहेब, पुढे बोला."

त्यांनी वर पाहिलं. साहेबांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुढचं चांगलं आहे," ते म्हणाले. "ते तुमच्यासमोर नाही सांगता येत. आधी ते मशीन चालू होऊ द्या."